उतारवयातला चढ

‘आता या वयात हे कशाला?’ हा प्रश्न माझ्या दवाखान्यात जवळजवळ रोज विचारला जातो. विचारणारे बहुधा मुलगा, सून किंवा लेक असतात आणि ज्यांच्याविषयी तो विचारलेला असतो, ते वडीलधारे माणूस शेजारच्या खुर्चीत मुकाट बसलेले असते. प्रश्नामागे माया असते, धास्तीही असते. म्हणूनच त्याला सबुरीने उत्तर द्यायला हवे. आज ते उत्तर मी जरा अनपेक्षित ठिकाणाहून देणार आहे : प्रस्तरारोहणातून, म्हणजे दोर बांधून कातळ चढण्याच्या छंदातून.

आपल्यापैकी बहुतेकांनी कमरेला दोर कधी बांधला नसेल आणि पुढेही बांधायचा नसेल. तरीही हा लेख आपल्यासाठी आहे. न्हाणीघरातली ओली फरशी, एसटीची उंच पायरी आणि देवळाचा उंबरा आपल्या शरीराकडे जे गुपचूप मागतात, तेच कातळ उघडपणे मागतो. तिथे पाय किती उंच उचलतो, हाताची पकड किती वेळ टिकते आणि तोल गेलाच तर शरीर किती चटकन सावरते, याचा हिशेब लगेच होतो. म्हणून वयस्क गिर्यारोहकाने करावयाची तयारी ही खरे तर प्रत्येक वयस्क माणसाने करावयाच्या तयारीचीच थोडी कडक आवृत्ती आहे.

मी नाशिकला जनरल प्रॅक्टिस करते. हरिहर, अंजनेरी, ब्रह्मगिरी हे आमचे शेजारी. वैद्यकीय महाविद्यालयात असताना आमचा सहा जणांचा गट होता; सुटी लागली की आम्ही एखाद्या कड्याखाली जाऊन उभे राहत असू. आज माझे वय ५७ आहे आणि त्या सहांपैकी आम्ही दोघेच अजून चढतो. उरलेल्या चौघांना कोणताही मोठा आजार झालेला नाही. एकाचा गुडघा दुखला म्हणून एक हंगाम चुकला, मग दुसरा चुकला आणि तिसऱ्या वर्षी ‘आता वय झाले’ हे वाक्य आले. माझ्या अनुभवात वय असेच होते : कॅलेंडरावर नव्हे, तर चुकलेल्या हंगामांत.

स्नायूंचे काय होते?

तिशीनंतर माणसाचे स्नायू दर दशकाला साधारण ३ ते ८ टक्क्यांनी घटतात आणि साठीनंतर ही घट आणखी वेग घेते. १९८९ साली अमेरिकन वैद्यक आयर्विन रोझेनबर्ग यांनी या झिजेला ‘सार्कोपेनिया’ हे नाव दिले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ मांसाची उणीव. आपल्याकडे ‘म्हातारपणी माणूस वाळतो’ असे म्हणतात, तेच हे. मात्र वाळण्यातही एक क्रम आहे आणि तो समजून घेतला तर पुढचा सारा व्यायाम समजतो.

शाळेतल्या भौतिकशास्त्रात आपण बल आणि शक्ती यांतला फरक शिकलो. वजन उचलायला बल लागते. ते किती वेगाने उचलले, त्यावर शक्ती ठरते. शरीराच्या बाबतीत पहिल्या गुणाला आपण ‘ताकद’ म्हणू आणि दुसऱ्याला सोयीसाठी ‘तडफ’ म्हणू. पासष्टीनंतर ताकद दर वर्षी सुमारे १ ते २ टक्क्यांनी कमी होते, तर तडफ सुमारे ३ ते ४ टक्क्यांनी. याचे कारण असे की, स्नायूंत दोन प्रकारचे तंतू असतात. मंद तंतू दिवसभर उभे राहण्या-चालण्याचे काम करतात, जलद तंतू क्षणात झेप घेण्याचे. वयाबरोबर जलद तंतू अधिक रोडावतात. त्यांना आज्ञा देणाऱ्या मज्जापेशीही कमी होत जातात. म्हणून सत्तरीतला माणूस तासभर सहज चालतो, पण ठेच लागली की त्याचा दुसरा पाय वेळेवर पुढे येत नाही. पडण्यातून वाचवते ती तडफ, आणि आपण तिचा व्यायाम जवळजवळ कधीच करत नाही.

माझ्या आईचे उदाहरण सांगते. ७१व्या वर्षी ती न्हाणीघरात घसरली आणि खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया उत्तम झाली, हाड जुळले. पण ती पुन्हा कुणाच्या आधाराशिवाय पलंगावरून उठली नाही. तिच्या मांड्या त्या अपघाताच्या कितीतरी आधीच रिकाम्या झालेल्या होत्या. अपघाताने फक्त ते उघड केले. रोज संध्याकाळी ती नेमाने फिरायला जात असे. फिरणे हृदयासाठी, मनासाठी उत्तमच. पण केवळ फिरण्याने मांडीची ताकद टिकत नाही, हे तिच्या आजारपणाने आमच्या घराला शिकवले.

उशीर झाला आहे का?

नाही. हे मी धीर देण्यासाठी म्हणत नाही. १९९० साली बोस्टनमधल्या संशोधकांनी वृद्धांच्या निवासातल्या १० अशक्त रहिवाशांना ८ आठवडे मांडीच्या स्नायूंचा, चांगल्यापैकी वजन लावून व्यायाम दिला. त्यांचे सरासरी वय होते ९०! ज्या नऊ जणांनी तो पूर्ण केला, त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. म्हणजे पूर्वी १० किलो उचलणारा पाय २७ किलोंपर्यंत पोहोचला. नव्वदीतला स्नायूसुद्धा हाक दिली की ओ देतो.

कड्यांच्या जगातही याचे दाखले आहेत. स्वित्झर्लंडमधील झरमॅटचे वाटाडे उलरिख इंडरबिनेन हे मॅटरहॉर्न शिखरावर शेवटचे चढले, तेव्हा नव्वदीत होते. त्याच देशातील मार्सेल रेमी यांनी २०१७ साली, वयाच्या ९४व्या वर्षी, सुमारे साडेचारशे मीटर उंचीची प्रसिद्ध चुनखडी भिंत दोर लावून चढली. २०१३ साली जपानचे युइचिरो मिउरा ८०व्या वर्षी एव्हरेस्टवर पोहोचले. ही माणसे अपवाद आहेत आणि अपवादावरून नियम करू नये, हे खरे. पण शरीरावर ‘या तारखेनंतर वापरू नये’ असा शिक्का नसतो, एवढे तरी त्यांनी सिद्ध केले आहे.

एक करार

तीन वर्षांपूर्वी एक निवृत्त शिक्षक त्यांच्या मुलासोबत माझ्याकडे आले. सरांचे वय ६८. तरुणपणी त्यांनी तैलबैलाच्या भिंतींवर चढाई केलेली. पत्नीच्या निधनानंतर त्यांनी जुन्या मित्रांबरोबर पुन्हा डोंगर धरला होता आणि एका उतारावर पाय मुडपून ते बसकण मारून घसरले होते. खरचटण्यापलीकडे काही झाले नव्हते. पण मुलाने हाय खाल्ली होती. ‘डॉक्टर, चिठ्ठीवर लिहून द्या, चढणे बंद. तुमचे ते ऐकतील.’ सर भिंतीवरच्या तक्त्याकडे पाहत होते. शेवटी एवढेच म्हणाले, ‘घरात मला कोणी काही मागत नाही. डोंगर मागतो.’

मी चिठ्ठी लिहिली नाही. सरांना हात छातीशी घ्यायला सांगून खुर्चीतून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहता येते, ते मोजले. नऊ वेळा. ६५ ते ६९ या वयात पुरुषांनी किमान १२ आणि स्त्रियांनी किमान ११ वेळा उठावे, अशी अपेक्षा असते. ७० ते ७४ या वयात अनुक्रमे १२ आणि १०. आकडा ऐकून बापलेक दोघेही गप्प झाले. तेव्हा आम्ही करार केला : १२ आठवडे कातळाला हात लावायचा नाही, पण व्यायामाचा एकही दिवस चुकवायचा नाही. मोजदाद मुलाने ठेवायची. त्यानंतर निर्णय तिघांनी मिळून घ्यायचा.

त्या १२ आठवड्यांत सरांनी जे केले, तेच थोड्या विस्ताराने येथे देत आहे.

ताकदीचा व्यायाम

आठवड्यातून दोन दिवस पुरे. मध्ये किमान ४८ तासांची विश्रांती हवी, कारण वयाबरोबर स्नायूंची भरपाई सावकाश होते. आधी १० मिनिटे चालून, खांदे-मनगटे फिरवून अंग गरम करावे. वजन असे घ्यावे की ८ ते १० वेळा उचलल्यावर ‘अजून दोन-तीनदा जमेल’ असे वाटले पाहिजे. प्रत्येक प्रकाराचे २ ते ३ फेरे.

खुर्चीतून उठणे हा पहिला आणि सर्वांत मोलाचा व्यायाम. आपल्या तालमीतल्या बैठकांचेच हे सौम्य रूप. सोपे झाले की पाठपिशवीत दोन-तीन किलो तांदूळ घालून ती छातीशी धरावी. दुसरा, पायरी चढणे : आधी जिन्याची नेहमीची पायरी, पुढे भिंतीलगत ठेवलेला भक्कम, न डुलणारा पाट किंवा ठोकळा. कातळावर गुडघ्याच्या उंचीवर पाय टाकून अंग वर न्यावे लागते. त्याची हीच शाळा. तिसरा, ओट्याला बोटे टेकवून टाचा उचलणे. कड्यावर सारा भार चवड्यांवरच असतो. चौथा, खिडकीच्या गजाला रबरी पट्टा अडकवून, कोपरे अंगाशी ठेवून तो ओढणे. पाचवा, त्याच्या उलट दिशेचा : भिंतीवर किंवा ओट्यावर हात टेकून जोर. केवळ ओढतच राहिलो तर खांदे पुढे झुकतात आणि दुखू लागतात. सहावा, दोन्ही हातांत बाजाराच्या समान वजनाच्या पिशव्या घेऊन ताठ चालणे. पकड, पाठ आणि पोट यांचा एकत्र व्यायाम होतो.

प्रत्येक प्रकारात एक नियम : वर जाताना एक सेकंद, खाली येताना तीन. हिरकणीची कथा आपण सारे जाणतो. रायगडाचा कडा ती चढून गेली नव्हती, अंधारात उतरून गेली होती, आणि त्यातच तिची खरी कसोटी होती. उतरताना मांडीचा स्नायू लांबत लांबत शरीराचा भार अडवतो. थकलेल्या पायांनी उतरतानाच पाय घसरण्याची भीती अधिक असते. सावकाश खाली बसण्याचा सराव हा गड उतरण्याचाच सराव आहे.

तडफेचा व्यायाम

हा ताकदीचा पाया घातल्यावर, म्हणजे साधारण सहाव्या आठवड्यापासून सुरू करावा आणि अंग गरम झाल्यावर, थकण्याआधी करावा. वजन नेहमीच्या निम्मे, वेग मात्र पुरेपूर. खुर्चीतून झटकन उठायचे, सावकाश बसायचे. पायरीवर जोमाने चढायचे, संथ उतरायचे. एक-दीड किलोचा भरीव चेंडू दोन्ही हातांनी छातीपासून भिंतीकडे फेकायचा. प्रत्येकी ६ वेळा, मध्ये २ मिनिटे विश्रांती. वेग मंदावला की थांबावे. दमेपर्यंत करण्याचा हा व्यायाम नव्हे. ज्यांची हाडे ठिसूळ आहेत किंवा गुडघे झिजले आहेत, त्यांनी उड्या मारू नयेत; तडफ येण्यासाठी पाय जमिनीवरून सुटलेच पाहिजेत असे नाही.

याच्या जोडीला रोज ओट्याजवळ एका पायावर उभे राहावे. दात घासण्याचा वेळ त्यासाठी पुरतो.

बोटांची काळजी

चढाई करणाऱ्यांसाठी हा भाग वेगळा सांगायलाच हवा. बोटे वळवणाऱ्या दोऱ्या हाडाशी लहान लहान कड्यांनी बांधलेल्या असतात. बोटे तीव्र दुमडून वरून अंगठा दाबण्याची जी पकड आहे, तिचा सर्वाधिक ताण या कड्यांवर येतो. स्नायू काही आठवड्यांत बळावतो. दोऱ्यांना आणि बंधांना मात्र महिने लागतात. त्यामुळे आठव्या आठवड्यात ‘आता जमते आहे’ असे वाटते, तोच खरा धोक्याचा काळ. उघड्या हाताची, बोटे सैल वळवलेली पकड वापरावी. दोन पेरे नीट बसतील अशा कडेला धरून, पाय जमिनीवर ठेवूनच, १० सेकंद भार द्यावा. असे ५ वेळा, आठवड्यातून दोनदा. नंतर बोटांभोवती रबर बँड घालून ती उघडावीत. बोटाच्या मुळाशी ‘कट्’ असा आवाज होऊन वेदना झाली, तर त्याच क्षणी थांबून डॉक्टरांना दाखवावे. कृत्रिम भिंतींवर तरुण मुले केवळ हातांनी उड्या घेत फळ्या चढतात. ते पाहावे, करू नये.

ताट आणि औषधांची पेटी

व्यायामाने स्नायूला मागणी येते. पुरवठा ताटातून व्हावा लागतो. वयस्कांना दर दिवशी वजनाच्या प्रत्येक किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिने हवीत. म्हणजे ६० किलोंच्या व्यक्तीला ६० ते ७२ ग्रॅम. आपल्या घरातल्या आजींच्या ताटातला भात, पोळी आणि पळीभर पातळ वरण याच्या निम्म्यानेही पोहोचत नाही. घट्ट वरण, उसळ, दही, दूध, पनीर, सोयाबीन, खात असल्यास अंडी आणि मासे, यांतले काहीतरी तिन्ही वेळच्या खाण्यात असावे. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, पेलाभर दुधात सुमारे ८, १०० ग्रॅम पनीरमध्ये सुमारे १८ ग्रॅम प्रथिने मिळतात. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र हे प्रमाण आपल्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे. ‘ड’ आणि ‘बी १२’ जीवनसत्त्वे एकदा तपासून घ्यावीत.

आता औषधे. रक्तदाब असलेल्यांनी जोर लावताना श्वास कोंडू नये. कोंडलेल्या श्वासाने दाब एकदम उसळतो. जोर लावताना श्वास सोडावा. काही रक्तदाबाच्या गोळ्या नाडीचा वेग रोखतात. त्या घेणाऱ्यांनी श्रमाचे माप नाडीवरून न घेता, दोन वाक्ये सलग बोलता येतात की नाही, यावरून घ्यावे. इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांची साखर व्यायामानंतर काही तासांनीही घसरू शकते. खिशात साखर किंवा ग्लुकोज असावेच. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर डोक्याला लागलेला साधा मारही गंभीर ठरू शकतो. हेल्मेटशिवाय कातळाखाली उभेही राहू नये. छातीत दाब, डोळ्यांपुढे अंधारी, नेहमीपेक्षा वेगळी धाप, यांपैकी काहीही झाले तर व्यायाम तिथेच थांबवून तातडीने डॉक्टर गाठावा. स्नायू दोन दिवस ठणकणे स्वाभाविक. सांधा सुजणे नव्हे.

घरच्यांसाठी

आता थोडे आपल्याशी, म्हणजे काळजी घेणाऱ्यांशी. बंदी घालणे सोपे असते, कारण तिचे दुष्परिणाम उशिरा दिसतात. कड्यावरून पडलेला माणूस बातमीत येतो. खुर्चीत बसून वर्षभरात वाळलेला माणूस कुणालाच दिसत नाही. म्हणून ‘जाऊ नका’ असे म्हणण्याऐवजी तीन प्रश्न विचारावेत : बरोबर कोण आहे? दोर कोणाच्या हातात आहे? परत फिरण्याची वेळ ठरली आहे का? एकट्याने जाणे, पावसाळ्यात शेवाळलेल्या कातळाला हात घालणे, आग्या मोहोळ असलेल्या कड्याखाली आवाज करणे, या गोष्टींना ठाम नकार द्यावा. ताकद वाढली म्हणून धोका नाहीसा होत नाही. तो उचलण्याची ऐपत वाढते, इतकेच. आणि शक्य असेल तर दंडाला धरू नका, मोजदाद करा. घरातल्या कुणीतरी वहीत आकडे लिहिले की व्यायाम टिकतो, हे मी अनेक घरांत पाहिले आहे.

सरांच्या मुलाने तशी वही ठेवली होती. बाराव्या आठवड्यात आकडा होता १४. त्या हिवाळ्यात बापलेक हरिहरच्या कातळात कोरलेल्या खड्या पायऱ्या, खोबणीत बोटे रोवत चढून आले. सगळेच परत मिळाले असे मात्र नाही. डावा खांदा पूर्वीसारखा वर जात नाही. दोर घेऊन पुढे चढणे त्यांनी कायमचे सोडले. आता ते वरून दोर लावलेल्या सोप्या कातळावरच चढतात. तो निर्णय त्यांनी स्वतः घेतला आणि मला तो त्यांच्या चौदाच्या आकड्याहून अधिक मोलाचा वाटला. स्वतःहून एक पायरी खाली येणे आणि दुसऱ्याने उचलून खाली ठेवणे, यांत माणसाच्या मानाचा सारा फरक आहे.

आपल्या घरापाशी कडा नसेल. खुर्ची नक्की आहे. ती भिंतीला टेकवून ठेवा, घरातल्या एखाद्याला घड्याळ घेऊन समोर बसवा आणि ३० सेकंद मोजा. जो आकडा येईल तो वहीच्या पहिल्या पानावर आजच्या तारखेसह लिहा. आकडा कमी आला म्हणून खट्टू होऊ नका आणि वह्या लपवू नका. पुढची मोजणी चार आठवड्यांनी.